माहेरची होफर : लंडनच्या नॅशनल गॅलरीत एकाच चित्रासमोर

पांढऱ्या कापडावर माशी बसलेली मला बघवत नाही. साताऱ्यात आमची लॉन्ड्री आहे, चौतीस वर्षं झाली. खळ केलेलं धोतर दोरीवर ओलसर असताना माशी बसली, की बारीक काळा ठिपका राहतो, आणि गिऱ्हाईक घडी उलगडतं ते नेमकं तिथेच. त्यामुळे लंडनच्या नॅशनल गॅलरीत एका बाईच्या शुभ्र शिरोवस्त्रावर माशी दिसली, तेव्हा माझा उजवा हात आपोआप वर गेला. लेकीने मनगट धरलं. "आई, रंगवलेली आहे ती."

रंगवून साडेपाचशे वर्षं झाली आहेत.

हे परीक्षण त्या एका चित्राचं आहे, आणि ते बघायला मिळण्याची जी सोय त्या गॅलरीने ठेवली आहे तिचं. गॅलरीत दोन हजारांहून जास्त चित्रं आहेत. मी दोन फेऱ्यांत मिळून धड चार बघितली आणि त्यातल्या एकीसमोर दीड तास घालवला. ज्यांना कमी वेळात पुष्कळ बघायचं आहे त्यांना माझा उपयोग नाही. ज्यांना एकच गोष्ट नीट बघायची आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी चित्राविषयी. नाव साधं आहे : 'होफर घराण्यातील एका स्त्रीचं व्यक्तिचित्र'. काळ १४७०च्या आसपासचा. चित्रकाराचं नाव कुणाला माहीत नाही, म्हणून पाटीवर फक्त 'स्वाबियन' म्हटलेलं असतं. स्वाबिया म्हणजे जर्मनीचा नैर्ऋत्येकडचा मुलूख. उल्म, आउग्सबुर्ग ही त्यातली मोठी शहरं. सिल्व्हर फर जातीच्या झाडाच्या फळीवर तैलरंगात काढलेलं हे चित्र जेमतेम ५४ सेंटिमीटर उंच आणि ४१ सेंटिमीटर रुंद आहे. आमच्या काउंटरमागे दरपत्रकाची फळी टांगली आहे, साधारण तेवढं. नॅशनल गॅलरी म्हटल्यावर भिंतभर चित्रं डोळ्यांपुढे येतात, तशी आहेतही. पण ही बाई एखाद्या घराच्या खिडकीत उभी असावी एवढीच आहे.

गडद पार्श्वभूमी. तिच्यापुढे पांढऱ्या कापडाचा मोठा थोरला डोलारा, त्याच्याखाली फिकट, शांत, थोडा कललेला चेहरा. ती आपल्याकडे बघत नाही. हातात निळ्या बारीक फुलांची डहाळी. वरच्या कोपऱ्यात अक्षरं : गेबोर्ने होफेरिन. आणि त्या सगळ्या पांढऱ्यावर एक माशी.

कापडापासूनच सुरुवात करते, कारण तेवढं एक मला कळतं.

हा रुमाल नाही, पदर नाही आणि टोपीही नाही. आपल्याकडचा फेटा जसा बांधणाऱ्याच्या हातात असतो, तसं हे सबंध कापड गुंडाळून, दुमडून, टाचून उभं केलेलं आहे. त्या काळी जर्मन बायका डोक्यावर मागच्या बाजूला गादीसारखा गोल भरीव आधार ठेवायच्या आणि त्यावरून पातळ वस्त्र घ्यायच्या. आत तसं काही असल्याशिवाय हे कापड एवढं उंच उभं राहणार नाही, हे मी पाटी न वाचताही सांगितलं असतं. नुसत्या केसांवर कापड बसतं, उभं राहत नाही. अशी वस्त्रं टाचण्यांनी जागच्या जागी धरलेली असायची, शिवण नसे. म्हणजे रोज सकाळी बांधायचं, रात्री सोडायचं, धुवायचं, दाबायचं, पुन्हा बांधायचं. त्या घरात हे काम करणारी कुणीतरी होती. चित्रात ती नाही, पण तिचा हात पुरता दिसतो.

केस अजिबात दिसत नाहीत, आणि त्याचा अर्थ त्या काळात सगळ्यांना कळायचा. लग्न झालेली बाई केस झाकायची. जर्मन भाषेत लग्न होण्याला 'उंटर दी हाउबं कोमेन' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'शिरोवस्त्राखाली येणं'. आजही म्हणतात, डोक्यावर काही नसलेल्या मुलींनासुद्धा. माझ्या सासूबाईंच्या डोक्यावरचा पदर मी त्यांच्या शेवटच्या आजारपणात पहिल्यांदा खाली आलेला पाहिला. त्यामुळे हा शब्दप्रयोग लेकीने सांगितला तेव्हा मला तो समजावून घ्यावा लागला नाही.

आता चुण्या. पहिल्यांदा मला वाटलं, खळ दाबून केली आहे. मग पुढे होऊन पाहिलं (तिथे किती पुढे जायचं याची मर्यादा आहे, ती पाळावी) आणि मत बदललं. खळीचं कापड वाकतं तेव्हा त्याला मोठा, गोलसर बाक येतो, पुठ्ठ्यासारखा. इथल्या चुण्या तशा नाहीत. त्या बारीक आहेत, ताठ आहेत आणि एकदम कोन करून वळतात. हे लिनन आहे. लिननचा धागा जवसाच्या झाडाच्या देठातून निघतो. त्याला ओलं असताना मोड दिला की तो मोड सहजी सोडत नाही; लिननचे शर्ट घालणारी आमची गिऱ्हाईकं त्याच कारणाने कावलेली असतात. सुती कापडाची सुरकुती इस्त्री फिरली की मुकाट्याने जाते, लिननची वाफ घेते आणि घाम काढते. ज्या माणसाने हे चित्र काढलं त्याला कापडाची ही खोड ठाऊक होती. सुती, रेशमी, लिनन अशी तीन कापडं त्याच्यापुढे टाकली असती तर डोळे मिटून त्याने ती बोटांनी ओळखली असती, असं मी पैजेवर सांगते.

आणि का नसावी ठाऊक? स्वाबिया हा विणकरांचाच मुलूख. उल्म आणि आउग्सबुर्ग या शहरांची श्रीमंती लिनन आणि सुती-लिनन मिश्र कापडावर उभी होती. राव्हेन्सबुर्गच्या मोठ्या व्यापारी कंपनीने १३८०च्या सुमाराला धंदा सुरू केला आणि पुढची दीडशे वर्षं इथलं लिनन स्पेन-इटलीपर्यंत नेऊन विकलं. कापड शुभ्र करायला ते राखेच्या क्षारात उकळायचे आणि गावाबाहेरच्या कुरणांवर आठवडेच्या आठवडे उन्हात पसरून ठेवायचे, पाणी मारत राहायचे. आमच्या लहानपणी कृष्णेच्या काठावर परीट कपडे वाळूवर पसरायचे, ती रांग मला तिथे उभ्या उभ्या आठवली. उन्हाने येणारा पांढरेपणा आणि निळीने येणारा पांढरेपणा वेगळा असतो. निळीचा पांढरा थंड दिसतो. हा उन्हाचा पांढरा आहे, किंचित सायीकडे झुकणारा. साडेपाचशे वर्षांत तेल आणि वार्निश थोडं पिवळं पडत असणार, तो भाग धरूनही.

इथे मला एक गोष्ट फार आवडली. तैलरंगात रंगाची भुकटी तेलात घोटतात, आणि युरोपात त्यासाठी मुख्यतः जवसाचं नाहीतर अक्रोडाचं तेल वापरायचे. म्हणजे ज्या झाडाच्या देठातून बाईच्या डोक्यावरचं वस्त्र निघालं, त्याच झाडाच्या बीतून वस्त्र रंगवायचं तेल निघतं. आपल्याकडे आपण त्याच जवसाची चटणी करून भाकरीबरोबर खातो. पांढरा रंग मात्र शिशाचा असायचा. विषारी, पण झाकणारा, दाट.

माशीकडे येते.

पहिल्या नजरेला ती बाईच्या डोक्यावर बसलेली दिसते. थोडं थांबून पाहिलं की शंका येते. ती बाईच्या मापाची नाही, आपल्या मापाची आहे. बाई खऱ्या माणसाहून लहान काढली आहे, पण माशी मात्र खऱ्या माशीएवढी वाटते. म्हणजे ती चित्रातल्या कापडावर बसली आहे की चित्रावर? आत आहे की बाहेर, आपल्या बाजूला? माझा हात उठला तो याच गोंधळामुळे. चित्रातल्या माशीला मी कशाला हाकलते? मला ती खोलीतली वाटली.

चित्रकारांची ही जुनी खोडी आहे. इटलीत जॉत्तोविषयी गोष्ट सांगतात : तो शिकाऊ असताना त्याने गुरूच्या चित्रातल्या माणसाच्या नाकावर माशी काढून ठेवली आणि गुरू ती हाकलत बसला. गोष्ट खरी असो वा रचलेली, माशी म्हणजे 'बघा, माझा हात काय करू शकतो' असं म्हणायची एक रीतच पडली होती. काही जण माशीत मरणाची आठवणही बघतात. सडणारं, नाश पावणारं जे जे त्याच्यावर माशी येते म्हणून. मला दोन्ही पटतं, आणि माझं तिसरं एक आहे. माशी कुठे काढली आहे ते बघा. गडद पार्श्वभूमीवर ती दिसलीच नसती. कपड्यावर नजरेआड गेली असती. चेहऱ्यावर काढली असती तर बाईचा अपमान झाला असता. सबंध चित्रात जे सगळ्यात पांढरं, सगळ्यात निगुतीने राखलेलं, त्याच्यावर ती बसवली आहे. कापड किती शुभ्र आहे हे सांगायला त्याच्यावर एक काळा ठिपका लागतो. आमच्या दुकानात आम्ही साडी गिऱ्हाइकाला दाखवतो तेव्हा खाली काळं कापड पसरतो, ते याच कारणाने.

आता अक्षरं. 'गेबोर्ने' म्हणजे जन्माने. 'होफेरिन' म्हणजे होफर घरातली बाई. लेकीने हे फोनवर शोधून सांगितलं आणि आम्ही दोघीही गप्प झालो, कारण मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे : माहेरची होफर. जर्मन भाषेत आडनावाला 'इन' लावून त्या काळी बाईचं आडनाव करायचे. होफर, होफेरिन. पाटील, पाटलीण. कुलकर्णी, कुलकर्णीण. दोन्हीकडे शेवटी तोच 'न' किंवा 'ण' येतो. भाषेचे जाणकार यावर काय म्हणतील ते म्हणोत, माझ्या कानाला ते अगदी घरचं वाटलं.

पण पुढचा विचार केला की चैन पडत नाही. या बाईचं स्वतःचं नाव काय? चित्रात नाही. नवऱ्याचं आडनाव काय? तेही नाही. डोक्यावरच्या कापडावरून कळतं की लग्न झालेलं आहे, आणि अक्षरांवरून कळतं की माहेर होफरांचं. मधलं सगळं गेलं. साडेपाचशे वर्षं जग तिला वडिलांच्या आडनावाने ओळखतं.

माझ्या आईचं उलट झालं. ती माहेरी इंदू होती. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि ती सुमन झाली. पुढे रेशनकार्डावर सुमन, बँकेत सुमन, मृत्यूच्या दाखल्यावर सुमन. इंदू हे नाव कागदावर कुठेच राहिलं नाही. राहिलं फक्त एका पितळी डब्यावर. त्यावर टोचून लिहिलेलं आहे : 'चि. सौ. कां. इंदूस आत्याकडून सप्रेम भेट, १९५८'. डबा माझ्याकडे आहे, त्यात मी पोह्यांचा चिवडा ठेवते. भांड्यावर नाव घालणारा तो माणूस बसस्थानकाजवळ हातोडी-छिन्नी घेऊन बसायचा, नगाला काही पैसे घ्यायचा. त्याने ठोकलेली ती अक्षरं आणि या फळीवरची गेबोर्ने होफेरिन, मला एकाच जातीची वाटली. कुणीतरी जाणूनबुजून लिहून ठेवलं म्हणून तेवढं उरलं.

हातातली फुलं फर्गेट-मी-नॉटची आहेत. जर्मन नाव 'फेरगिसमाइननिश्ट', अर्थ तोच : मला विसरू नकोस. ही फुलं प्रेमाची आणि आठवणीची मानली जात. चित्रात ती इतकी लहान आहेत की माशी बघून झाल्यावरच त्यांच्याकडे लक्ष जातं. साताऱ्याच्या माणसाला ती अनोळखी वाटू नयेत. आपल्या कासच्या पठारावर पावसाळ्यात निसुर्डी फुलते, ती याच कुळातली. तीही तशीच, बोटाच्या पेरावर मावणारी. दर सप्टेंबरला लोक गाड्या भरभरून कासला येतात आणि मोठ्या गालिच्याचे फोटो काढून जातात. निसुर्डी बघायला जवळ जावं लागतं.

हे चित्र गॅलरीत कसं आलं, तो भाग मी परत आल्यावर वाचला, आणि तो वाचल्यावर दुसऱ्या फेरीत चित्र वेगळं दिसलं. जर्मनीतल्या वालरश्टाइन या संस्थानाचे राजपुत्र लुडविग यांच्याकडे जुन्या चित्रांचा मोठा संग्रह होता. त्यांनी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्याकडून कर्ज घेतलं, तारण म्हणून चित्रं ठेवली, आणि कर्ज फिटलं नाही. गहाण पडलेले दागिने सावकाराकडे राहावेत तसा संग्रह अल्बर्ट यांच्याकडे राहिला. त्यातली चांगली चित्रं देशाला मिळावीत अशी त्यांची इच्छा होती. डिसेंबर १८६१मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, ते वारले. १८६३मध्ये व्हिक्टोरियाने त्यांच्या इच्छेप्रमाणे ही चित्रं नॅशनल गॅलरीला दिली, आणि त्यांत ही होफेरिन होती. नवरा गेल्यावर उरलेलं सबंध आयुष्य काळे कपडे घातलेल्या बाईच्या हातून, 'मला विसरू नकोस' म्हणणारी फुलं हातात धरलेली बाई गॅलरीत आली. राणी म्हणून व्हिक्टोरियाविषयी माझं मत चांगलं असण्याचं काही कारण नाही. पण दान करताना तिने हे चित्र एकदा तरी जवळून पाहिलं असेल का, हा प्रश्न मला पडला तो पडलाच.

दोष सांगायचे तर आहेत. चेहरा सुंदर आहे, पण थोडा सपाट आहे. गाल आणि मान यांच्यामध्ये सावली हवी तेवढी खोल जात नाही. डोक्यावरच्या त्या पसाऱ्याच्या मानाने खांदे आणि हात बारीक वाटतात, जणू चित्रकाराचा सगळा जीव वरच्या निम्म्या भागातच खर्ची पडला. हे मला एरवी कळलं नसतं. कळलं कारण त्याच गॅलरीत रॉबर्ट कॅम्पिनचं १४३५च्या आसपासचं एका स्त्रीचं चित्र आहे, तेही पांढरं शिरोवस्त्र घेतलेल्या बाईचंच. कॅम्पिन आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावचा. त्याच्याकडे कापडाचे पदर एकावर एक मोजता येतात, टाचण्या दिसतात, आणि कपाळावर कापडाची जी सावली पडते तिच्यात उजेड आहे. चित्र म्हणून कॅम्पिनचं सरस आहे, यात मला शंका नाही. त्याने पांढऱ्यात राखाडी, निळसर, गुलाबी असं इतकं काही घातलंय की पांढरा रंग लावलाय कुठे ते शोधावं लागतं. आमचा स्वाबियन माणूस रेषेने विचार करतो. चुणी दिसली की तिची कड ओढतो.

तरीही मी परत गेले ती होफेरिनकडेच. कॅम्पिनची बाई गालात हसून जिवंत समोर उभी राहते, तिला माझी गरज नाही. होफेरिन बघायला आपण काहीतरी आणावं लागतं.

आता सोयीविषयी, कारण वाचणाऱ्याला तेही हवं असतं.

प्रवेश फुकट आहे. दाराशी दानपेटी आहे, घालायचे तर घाला, कुणी अडवत नाही. रोज सकाळी १० ते संध्याकाळी ६, शुक्रवारी रात्री ९ पर्यंत. नाताळातले तीन दिवस, २४ ते २६ डिसेंबर, आणि १ जानेवारी बंद. दाराशी बॅग तपासतात, म्हणून मोठं सामान नेऊ नये. लेक हॅरोला राहते, तिथून बेकरलू लाइनने गाडी न बदलता चेरिंग क्रॉसला उतरलो. स्टेशनातून वर आलं की समोर ट्रफाल्गर चौक आणि चौकाच्या उत्तरेला गॅलरी. पायऱ्या टाळायच्या असतील तर लिफ्ट आहे. फ्लॅश न लावता फोटो काढता येतात. खोल्यांमध्ये बाकं आहेत, आणि माझ्या वयाच्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. बसल्यावरच चित्र उलगडतं. उभं राहिलं की पाय विचार करायला लागतात.

जाण्याआधी एक काम जरूर करा. गॅलरीच्या वेबसाइटवर चित्राचं पान उघडून ते सध्या मांडलेलं आहे का आणि कोणत्या खोलीत आहे ते बघा. चित्रं हलवली जातात, दुसऱ्या प्रदर्शनाला जातात. त्याच पानावर चित्र मोठं करून बघायची सोय आहे, आणि तीही फुकट. माशीचे पाय मोजता येतात. ज्यांना लंडनला जाणं शक्य नाही त्यांनी तिथे बघावं. काही बाबतींत, मला वाटतं, खोलीत उभं राहून दिसतं त्याहून जास्त दिसतं. फक्त माशी आत आहे की बाहेर हा गोंधळ पडद्यावर होत नाही. पडद्यावर सगळंच आत असतं.

हे सगळं मला आठ वर्षांपूर्वीच बघता आलं असतं, याची हळहळ आहे. तेव्हा आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर दहा दिवसांत सहा देश केले. गॅलरीसाठी त्यांनी पंचेचाळीस मिनिटं दिली, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, आणि उरलेल्या वेळात आम्ही छत्री वर धरलेल्या माणसाच्या मागे धावलो. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रासमोर सगळ्यांचा एक फोटो झाला, की चला बसमध्ये. माझे यजमान तेव्हा होते. फेटे बांधायचे ते, लग्नसराईत गावोगाव बोलावणं यायचं. या बाईच्या डोक्यावरचं बांधकाम त्यांनी बघितलं असतं तर पहिला पेच कुठून घेतला हे सांगितलं असतं. मला ते अजून सापडलेलं नाही. कापडाचं सुरुवातीचं टोक कुठे आहे ते मी दोन्ही फेऱ्यांत शोधलं.

दुसऱ्या फेरीत मी एकटी गेले. लेकीला काम होतं. खोलीत बसलेल्या राखणदार बाईंनी मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण मी बराच वेळ उभी आहे हे बघून त्या जवळ आल्या आणि बाकाकडे हात केला. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की मी कपडे धुण्या-इस्त्रीचं काम करते. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसत असेल." असं मला आजवर कोणत्याच संग्रहालयात कुणी म्हणालेलं नाही. त्या दिवशी मी कपड्याच्या गळ्याशी असलेली बारीक कलाकुसर बघितली, जी पहिल्या दिवशी नजरेतून सुटली होती, आणि मग माशीकडे मुद्दाम न बघता दहा मिनिटं काढायचा प्रयत्न केला. जमत नाही. एकदा दिसली की ती दिसतच राहते.

साताऱ्याला आल्यावर आमच्या दुकानातल्या मामांना मी मुलाच्या संगणकावर हे चित्र मोठं करून दाखवलं. मामा आमच्याकडे सत्तावीस वर्षं इस्त्री करतात, कोळशाची इस्त्री होती तेव्हापासून. त्यांनी चश्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माशीवर ते काही बोलले नाहीत. बराच वेळ चुण्या बघून म्हणाले, "वहिनी, याला खळ नाय. ओलं असताना दाबलंय. वर वजन ठेवलंय रातभर."

मग आम्ही करून बघितलं. मांजरपाटाचं दोन वार कापड घेतलं, भिजवलं, पिळलं, चारदा आडवं आणि चारदा उभं दुमडलं, दोन फळ्यांमध्ये घालून वर शिलाई मशीनचं जुनं लोखंडी चाक ठेवलं. सकाळी उघडलं तेव्हा मोड अगदी तसेच आले होते, कोन करून वळणारे, ताठ. मी ते कापड परातीवर उशी ठेवून तिच्यावरून घेतलं आणि टाचण्या लावल्या. अर्ध्या तासात कडा सैल पडल्या, तासाभरात कापड खाली आलं. मामा म्हणाले, सुताचं काम नाही हे. आमच्याकडे एक डॉक्टर लिननचे शर्ट धुवायला देतात, त्यांना मी विचारून ठेवलं आहे की घरी लिननची एखादी जुनी चादर असेल तर द्या. दिली की पुन्हा बांधून बघणार आहे, या वेळी माशीएवढा काळ्या दोऱ्याचा एक टाका घालून.